मऊ बार

“यांना विचारू?” राजूरकर म्हणाला आणि त्यानं माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं कुणी पुरुष उभा असेल अशी त्याची समजूत असावी. भिंतीवर कॅलेंडर होतं.

“तिलेच विचारा,” बाबा बाकावरून म्हणाले. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला होता. उजव्या डोळ्यावर हिरवं कापड लोंबत होतं, त्यामुळे ते एका डोळ्यानं साऱ्या जगाकडे संशयानं पाहत असल्यासारखे दिसत. “बंदूक उचलणं आन् चाप ओढणं माह्याकडं. मधातलं सारं बेबीकडं.”

बेबी म्हणजे मी. एकोणतीस वर्षांची बेबी.

“रोह्यासाठी, म्हणजे नीलगायीसाठी, काडतुसं पाहिजेत,” राजूरकर शेवटी माझ्याशी बोलला. “माझी थर्टी-ओ-सिक्स रायफल आहे. दुर्बीण बसवलेली. तीनशे मीटरवरून पाडायचाय.”

“तीनशेवरूनच का?”

“मग काय, जवळ जाऊन हळदकुंकू लावू?”

“लावा ना. गोळी कुठं लागली ते तरी दिसेल.”

बाबा बाकावर खुदखुदले. मी दोन डबे खाली काढले. “ही दीडशे ग्रेनची, ही एकशे ऐंशीची. दीडशेची वेगानं जाते, सरळ जाते, कागदावर फार शोभते. पण रोह्याच्या खांद्याचं हाड म्हणजे बाभळीचा ओंडका. हलकी गोळी वरच्यावर फुटली की जनावर दोन दिवस तडफडतं. एकशे ऐंशीची घ्या, शिशाचं टोक उघडं असलेली. तीनशे मीटरला ती खाली येते. किती येते ते मी चिठ्ठीवर लिहून देते.”

“पुस्तक पाठ केलंय वाटतं?”

“केलंय. तुम्ही केलं नाही म्हणून.”

त्यानं एकशे ऐंशीची घेतली. नागपूरला त्याचा लोखंडाचा व्यवसाय होता, वय तिशीच्या आसपास, बोटात पोवळं. चिठ्ठी खिशात घालताना तो बाबांना म्हणाला, “काका, परवा पारडीला तुमचंही नाव आहे ना यादीत? असल्या डोळ्यानं?”

“एक उघडा हाय,” बाबा म्हणाले. “तसाही नेम धरताना एक मिटावाच लागते.”

“लांबून जमेल?”

“मी लांबून मारत नाई, बाप्पा. तीनशे मीटरवरून पाडणं याले शिकार नाई म्हणत. ते पोस्टानं पाठवणं झालं.”

वणीच्या बाजारात आमचं बंदुकांचं दुकान होतं, ‘गुल्हाने गन हाऊस’. गिऱ्हाइकापेक्षा परवान्याची चौकशी करणारेच जास्त यायचे. दोन वर्षांचा संसार आटोपून मी माहेरी परतले, तेव्हा बाबांनी एक शब्द विचारला नव्हता. माझी ट्रंक आत ठेवली आणि म्हणाले, “बेबी, काउंटरवर बस जरा, मी चहा पिऊन येतो.” तो चहा आठ वर्षं चालला. मॅट्रिकला मी इंग्रजीत नापास झालेली. कपाटात एक विलायती बंदुकांचं जुनं पुस्तक होतं आणि शेजारच्या वकिलांचा शब्दकोश. एकेका पानाला आठवडा लागायचा, पण कुठली गोळी किती वेगानं सुटते, किती लांबवर किती खाली झुकते, हाडावर काय करते, हे मी त्या दोन पुस्तकांच्या मध्ये बसून शिकले. तालुक्यात हे कळणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि ते मला कळतं हे मानणारं माणूस एकच होतं, बाकावर बसलेलं.

पारडीची हकीकत अशी होती. तिथं रोह्यांच्या कळपानं हरभरा आणि तूर अशी काही तुडवली होती की गावानं वनखात्यापुढे उपोषण केलं. शेवटी परवानगी निघाली. दोन बंदुका, एकेका बंदुकीला एक नर, तोही दिवसाउजेडी, वनरक्षकासमोर. मेलेलं जनावर तिथंच पुरायचं. शिकारबंदीला पंचवीस वर्षं झाली होती. त्यातल्या प्रत्येक दसऱ्याला बाबांनी आपली तीनशे पंधराची रायफल काढली, तेल लावलं, झेंडूची फुलं वाहिली आणि परत कपाटात ठेवली.

आता कागदावर त्यांचं नाव आलं होतं. टाइप केलेलं. उकंडराव पांडुरंग गुल्हाने. तो कागद ते दिवसातून चारदा काढून बघायचे. डोळ्यामुळे वाचता येत नव्हता तरी.

डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. रायफलीचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी परत एकटीच जाऊन विचारलं.

“डॉक्टरसाहेब, खांद्याला बंदुकीचा धक्का बसला तर?”

“कुणाच्या खांद्याला?”

“समजा.”

“समजा, आतला टाका सुटला, तर डोळा गेला,” डॉक्टर म्हणाले. “वडिलांना समजवा.”

मी समजावलं. जेवताना समजावलं, पानं उचलताना समजावलं. बाबा ऐकून घ्यायचे. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“बाबा, डोळा जाईल.”

“दुसरा हाय.”

“नेम उजव्यानं धरता ना?”

“म्हणून तर जातो. जाईल तर निदान कामी येऊन जाईल.” मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. “बेबी, पाह्य. लोक दुकानात येतात, म्हणतात हे उकंडराव, यायनं तीन पट्टेवाले वाघ मारले. मी हाओ म्हणतो. पण ते मारणारा कोणी दुसराच होता असं वाटते मले आताशा. एक बार काढू दे. मले पाहू दे तो हाय की गेला.”

मी गोधडीचा कापूस काढून चार बोटं जाड गादी केली आणि त्यांच्या बंडीच्या उजव्या खांद्यावर आतून टाचून दिली. त्यांनी घालून पाहिली. एका बाजूनं पहिलवान झाल्यासारखे दिसत होते. “लगनात असती तर तुही माय खुश झाली असती,” म्हणाले.

पण गादीनं भागत नाही हे मला माहीत होतं. तीनशे पंधराचा धक्का घोड्याच्या लाथेसारखा असतो. कापसानं खांदा वाचेल, डोकं हललेलं थोडंच राहणार.

आमच्याकडे एक रीत होती. काडतुसं मी निवडायची. शिकार नसली तरी परवान्याच्या तपासणीआधी वगैरे बाबा चाचणीचे बार काढायचे, तेव्हाही मीच. डब्यातली पंधरा-वीस घ्यायची, मलमलीच्या फडक्यानं पुसायची, कानाशी हलवून दारू मोकळी खुळखुळते का ऐकायचं, सोनाराच्या काट्यावर तोलायची, आणि त्यातली पाच बाबांच्या पट्ट्यात घालायची. पट्टा ते न बघता कमरेला बांधायचे. एकदा मी म्हटलं, पाहून तरी घ्या. तर म्हणाले, “देवाच्या पुढ्यातला अंगारा कोणी चाखून पाहते का?”

माळ्यावर एक जुना डबा होता. त्यातली काडतुसं कित्येक उन्हाळे टिनाखाली भाजून निघाली होती. दारू म्हातारी झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्यातली काही चाचणीला काढली, तेव्हा धक्का निम्मासुद्धा लागला नव्हता. बाबांचा जुना सोबती सोमा कन्नाके तेव्हा हसला होता, “बेबीबाई, हा बार व्हय का शिळा भजा?” असल्या काडतुसाला आम्ही मऊ बार म्हणायचो. ती विकायची नाहीत म्हणून मी डब्यावर लाल दोरा बांधून ठेवला होता.

आदल्या दिवशी दुपारी मी तो दोरा सोडला.

अविचारानं सोडला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. मी हिशेब मांडून पाहिला. मऊ बाराची गोळी हळू जाते, म्हणजे वाटेत जास्त झुकते. पण शंभर पावलांवर किती? फार तर दोन बोटं. रोह्याची छाती दोन हात खोल असते, तिथं दोन बोटं म्हणजे काहीच नाही. आणि बाबांनी आयुष्यात कधी शंभर पावलांपलीकडून बार काढला नव्हता. जनावराच्या कानाची हालचाल दिसली पाहिजे, तरच, हा त्यांचा नेम होता. तरी मी विचारून घेतलं.

“बाबा, किती लांबून मारणार?”

“शंभराच्या आत. तुले काय नवीन हाय?”

“नक्की?”

“लिहून देऊ?”

मी पाच मऊ काडतुसं पुसली, तोलली आणि पट्ट्यात घातली. शपथेवर सांगते, त्या वेळी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. डोळाही वाचणार, बारही निघणार, आणि कुणाला कळणारही नाही. राजूरकरांसारख्यांना गोळ्या निवडून देणारी मी, घरच्या माणसासाठी निवडताना किती बारीक विचार करते बघा, असं काहीसं.

पारडीला आम्ही सकाळी साडेसात-आठला पोचलो. जानेवारी होता. हरभऱ्यावर आंब, म्हणजे आंबट दव, पडलेली, साड्या ओल्या होत होत्या. बांधावर अख्खं गाव उभं होतं. सरपंच होते, शाळा सोडून आलेले मास्तर होते, बाया डोक्यावर पदर घेऊन एकमेकींना ढोसत होत्या. वनरक्षकानं सगळ्यांना तीनदा गप्प बसवलं. बाबांनी डोळ्यावरचं हिरवं कापड काढून खिशात घातलं होतं. डोळा लालसर होता, पण पाणी नव्हतं. सोमा त्यांच्या शेजारी उभा होता.

“दिसते का बे नीट?” सोमानं विचारलं.

“तू दिसतो. म्हणजे नीट नाईच.”

कळप मधल्या पडीत रानात होता, तेरा-चौदा जनावरं. बाबा आणि सोमा वाकून नाल्याच्या कडेनं निघणार, शंभर पावलांत पोचणार, असं ठरलं होतं. ते निघालेही. तेवढ्यात राजूरकरनं बांधावर पालथं पडून बार काढला.

त्याची काही चूक नव्हती. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, आणि त्याच्या दुर्बिणीत नर आला होता. तीनशे मीटर तरी असेल. निळसर काळा नर जागच्या जागी बसला, जसा कुणी खुर्ची देऊन बसवावा. एक पाय झाडला आणि संपला. गावानं आरोळी ठोकली. कुणीतरी शिट्टी मारली. राजूरकर उठला, गुडघे झटकले, आणि माझ्याकडे बघून त्यानं खिशातली चिठ्ठी काढून दाखवली. चक्क आदरानं. तेवढ्यासाठी मला तो अजूनही वाईट माणूस म्हणता येत नाही.

कळप उधळला. पळत पळत तो पलीकडच्या तुरीच्या कडेला गेला आणि तिथं थांबला. रोही पळून थांबतात आणि मागं वळून बघतात, ही त्यांची खोडच आहे. मोठा नर आडवा उभा राहिला.

बाबा नाल्यावरून परत बांधाकडे आले होते. तिथून नर तीनशे पावलांवर होता.

“गेलं काका,” राजूरकर म्हणाला. “आता जवळ जाऊ देत नाहीत ती. माझी घेता का? दुर्बिणीतून तुम्हालाही जमेल.”

तो मनापासून देत होता. पण गाव हसलं.

“नको,” बाबा आपल्या रायफलीवर थाप मारत म्हणाले. “माह्या बायकोनं बुरखा नाई घातला कधी.” गाव पुन्हा हसलं, या वेळी त्यांच्या बाजूनं. ते एका गुडघ्यावर बसले आणि रायफलीवरची लांबच्या नेमाची पाती उचलली.

मी पुढं झाले. “बाबा, लांब आहे.”

“हो.”

“तुम्ही म्हणाले होते शंभराच्या आत.”

“म्हणालो होतो.”

“नका मारू. बाबा, माझं ऐका. नका.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या माणसांत पोरगी नको म्हणते याचा राग येईल असं मला वाटलं होतं. राग नव्हता. त्यांना वाटलं मी डोळ्यासाठी म्हणते आहे. “काही होत नाई, माय,” ते हळूच म्हणाले. “तुही गादी हाय ना.”

एक वाक्य होतं माझ्याजवळ. ही काडतुसं माळ्यावरची आहेत. पाच शब्दसुद्धा नाहीत. बांधावर चाळीस माणसं होती, सरपंच होता, नागपूरचा तो माणूस माझी चिठ्ठी हातात धरून उभा होता. उकंडरावच्या बेबीनं बापाला शिळी काडतुसं दिली, हे त्या सगळ्यांसमोर मला म्हणता आलं नाही. बाबांची लाज वाचवत होते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. बाबांची नव्हती ती.

बार निघाला. मऊच निघाला. गादीमुळे बाबांना तो कळला नाही. सोमानं मात्र झटकन मान वर केली, बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

नर कोलमडला, उठला, आणि तीन पायांवर पळत सुटला. पुढचा उजवा पाय कोपरापासून झुलत होता, फाटक्या बाहीसारखा. बांधावर कुणी आवाज काढला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“पाय,” बाबा म्हणाले. “म्या पाय मारला.”

“होतं काका,” राजूरकर म्हणाला. “एवढ्या लांबून होतं. सोडा आता, रानात जाऊन मरेल.”

“म्या मारला ना?” बाबा उठत म्हणाले. “मग मलेच जाणं हाय.”

हा जुन्या शिकाऱ्यांतला कायदा होता, शिकारबंदीच्या कायद्यापेक्षा जुना. जखमी जनावर मागं टाकून घरी यायचं नाही. ज्यानं जखमी केलं त्यानंच शोधायचं, दिवस लागो की दोन. पूर्वी एकदा बिबट्याच्या मागावर बाबा आणि सोमा तीन दिवस होते, तेव्हा घरी आईनं चूल पेटवली नव्हती. वनरक्षक आला, सोमा पुढं झाला, मीही निघाले. मला कुणी नको म्हटलं नाही.

सोमा माग काढत होता. तुरीच्या पानावर रक्त, मातीत हाडाची पांढरी कपची, जिथं जनावर टेकलं तिथं दबलेलं गवत. प्रत्येक ठिकाणी बाबा थांबून बघायचे आणि पुढं निघायचे. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढलं. त्यांच्या उजव्या डोळ्यातून आता पाणी येत होतं. ते बाहीनं पुसत होते, आणि मी दर वेळी डोळा चोळू नका म्हणत होते, जणू तेवढंच सांगण्यासारखं माझ्याजवळ उरलं होतं.

एका ठिकाणी बाबा मागं राहिले, तेव्हा सोमा माझ्याजवळ आला. “लाल दोरावाला डबा व्हय ना?”

मी मान हलवली.

“सांगशील त्याले?”

“हो.”

“आज नको सांगू,” सोमा म्हणाला. “आज तो चालून राह्यला. सांगशील तर बसून जाईल.”

नाल्याच्या खोल वळणात, पळसाखाली तो बसलेला दिसला. वीसेक पावलांवर. पळण्याचं त्राण नव्हतं. आमच्याकडे तोंड करून, मान ताठ ठेवून बसला होता. नाकपुड्या फुलत होत्या. माश्या जमल्या होत्या. एवढ्या जवळून मी रोही कधी पाहिला नव्हता. त्याच्या गळ्याखाली केसांचा एक झुपका असतो, लहान मुलाची शेंडी राखावी तसा.

बाबांनी रायफल खांद्याला लावली. नळी हलली. त्यांनी खाली घेतली, डोळा पुसला, पुन्हा लावली. पुन्हा हलली. वनरक्षकानं घसा खाकरला.

मग त्यांनी रायफल माझ्यापुढं धरली.

“बेबी, तू मार.”

“बाबा, वीस पावलं आहेत. तुम्ही डोळे मिटून माराल.”

“मारलं असतं.” ते जनावराकडेच बघत होते. “आता मले माह्या नजरेचा भरोसा नाई. आणखी एक चुकला तर त्याले पुन्हा तरास. त्यानं काय पाप केलं? रायफलीच्या परवान्यावर तुहंबी नाव हाय. मार.”

मी तोवर फक्त पुठ्ठ्यावर बार काढले होते. रायफल घेतली. पट्ट्यातलं दुसरं काडतूस आत होतं, मीच पुसलेलं, मीच तोललेलं. वीस पावलांवर मऊ बारही पुरतो. कानाच्या खाली गोळी लागली आणि त्याची ताठ मान हळूहळू माझ्याच दिशेनं खाली आली.

“लागली?” बाबांनी विचारलं. ते पाठ करून उभे होते.

“लागली.”

“तुहा नेम चांगला हाय,” ते म्हणाले. “तुलेच सारं चांगलं येते.”

पंधरवड्यात त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. ठाणेदार म्हणाले, नूतनीकरण करून देतो, राहू द्या. बाबा म्हणाले, नजर गेली.

नजर गेली नव्हती. डोळा उत्तम झाला होता. डॉक्टरांनी तक्ता लावला, तर बाबांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. डॉक्टर खूश झाले. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, “त्यायनं मागच्या वेळी वाचून दाखवली होती, माह्या ध्यानात राह्यली.” रस्त्यानं ओळखीचं कुणी आलं की मला विचारायचे, “तो दिगंबरच ना?” दिगंबरच असायचा. तांदळातला खडा त्यांना दिसायचा, पण ताट माझ्यापुढं सरकवायचे. गिऱ्हाईक आलं, रायफलीचं काही विचारलं, की बाकावरून म्हणायचे, “मले काय विचारता? मी पायावर मारणारा माणूस.” लोक हसायचे, मग हळूहळू विचारेनासे झाले. तीन पट्टेवाल्यांच्या गोष्टी तर त्यांनी पुन्हा काढल्याच नाहीत.

आणि मी गप्प राहिले. सोमानं आज नको म्हटलं होतं, मी तो आज चार वर्षं ताणला. खरं सांगायचं तर मला जे हवं होतं ते मिळालं होतं. डोळा शाबूत, बाबा घरी, रायफल ठाण्यात. रानात गेलेल्या माणसाची वाट बघत आईचं आयुष्य गेलं, माझं जाणार नव्हतं. एवढं सगळं एका वाक्यानं उधळून द्यायला मी काही संत नव्हते. सांगू, सांगू म्हणता म्हणता सोमाही गेला. साप चावून गेला, हरभऱ्याच्याच शेतात. त्याच्या माघारी त्या दिवसाचं खरं माझ्या एकटीजवळ उरलं.

पाचव्या वर्षी बाबा आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्या खाटेशी बसायची. एक दिवस ते छताकडे बघत म्हणाले, “सोमा म्हणायचा, हवा आडवी होती म्हणून. नव्हती. पान हलत नव्हतं. म्या कितीदा मनात तो बार काढून पाह्यला, बेबी. नेम बरोबर होता. सारं बरोबर होतं. मग पाय कसा लागला? म्हणजे मले जे दिसत होतं तेच खरं नव्हतं.”

मग मी सांगितलं. सगळं, क्रमानं. डॉक्टरांकडे एकटी गेले ते, माळ्यावरचा डबा, लाल दोरा, दोन बोटांचा हिशेब. तीनशे पावलांचा हिशेब मी नंतर मांडला होता तोही सांगितला. “तुमची गोळी जिथं नेम होता तिथंच चालली होती, बाबा. काडतूस कमी पडलं. बरोबर हातभर खाली गेली. तुम्ही चुकला नाहीत. मी चुकले.” मी रडत होते. उशीर झालेल्या माणसाला जेवढं रडायचा हक्क असतो त्यापेक्षा जास्तच.

बाबांनी सगळं ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पाच वर्षांत मी तसं हसू पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात घेतला, थोपटला.

“किती दिवसापासून रचत होती हे?”

“बाबा, रचलं नाही. खरं आहे.”

“तू मले शिळी काडतुसं देशील?” ते म्हणाले. “तू? या हातानं?” माझा हात उलटा करून त्यांनी तळव्याकडे पाहिलं. “माह्या डोळ्याचं मी काही मानायले तयार हाओ. तुह्या हाताचं असं कोणी सांगितलं असतं तर म्या त्याले दुकानाबाहेर काढलं असतं.”

“सोमाला माहीत होतं. सोमाला कळलं होतं.”

“सोमा मेला. त्याच्या नावावर काहीही खपते.” खोकला आला, मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन ते परत उशीला टेकले. “पण बरं वाटलं, माय. चांगलं सांगते तू. डबा काय, दोरा काय. सांग पुन्हा.”

“काय सांगू?”

“तेच. पहिल्यापासून.”

मी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. ते डोळे मिटून ऐकत होते, उजवा हात पांघरुणावर होता, तर्जनी किंचित वाकलेली. गोळी सुटल्याशी मी आले तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

“हातभर नको म्हणू,” ते म्हणाले. “हातभर कोणाले पटणार नाई. वीतभर म्हण.”

मी वीतभर म्हटलं.